तात्या रोज यायचे

2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारपीट होत राहिली. निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवर ती आली, तेव्हा अण्णांच्या दोन एकर थॉमसन द्राक्षांचा माल काढणीला आला होता. सौदा झाला होता, व्यापाऱ्याची माणसं चार दिवसांत येणार होती. ऑक्टोबरच्या छाटणीपासून विरळणी, डिपिंग, दव पडलं की पहाटेच उठून फवारणी, असे पाच महिने घराने त्या बागेत घातले होते. गारा वीसेक मिनिटं पडल्या. त्यानंतर मांडवाखाली चालताना पायाखाली मणी फुटत होते.

दुसऱ्या दिवसापासून घरी माणसांची रीघ लागली. गाव चांगलं होतं, मनापासून येत होतं. अंगणात सतरंजी टाकलेली, अण्णा भिंतीला टेकून बसलेले. कुणी म्हणालं, "गेलं ते गेलं, जीव वाचला हे काय कमी आहे?" कुणी पलीकडच्या गावातल्या उडालेल्या पत्र्यांची आणि मेलेल्या शेळ्यांची हकिगत सांगितली. अण्णांनी आपलं दुःख त्या शेळ्यांशेजारी ठेवून मोजावं, असा त्यामागचा हेतू. कुणी स्वतःच्या बुडालेल्या कांद्याची कथा सुरू केली आणि मग अण्णांनाच त्याची समजूत काढावी लागली. एक भाचा पुढच्या वर्षी प्लास्टिकचं आच्छादन कसं घालायचं, ते सांगत बसला. सगळ्यांत जड वाक्य मेव्हण्यांचं होतं: "तुम्हीच असे खचलात तर पोरांनी कुणाकडे बघायचं?" त्या दिवसापासून अण्णांनी पोरांसमोर बसणंच टाळलं. धीर द्यायला म्हणून बोललेल्या त्या वाक्यानं त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवलं होतं.

शेजारच्या मळ्यातले तात्या त्या गर्दीत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते आले. सत्तरीचे, कमरेत थोडे वाकलेले, हातात दोन कात्र्या.

"अण्णा, चल. एक ओळ करू."

"काय राहिलंय तात्या करायला?"

"माल राहिला नाही. पण फुटलेले घड वेलीवर ठेवून चालायचं नाही. एकच ओळ, मग चहा घेऊ."

अण्णा उठले. उमेद आली म्हणून उठले असं नाही. म्हातारा माणूस दारात उभा होता, म्हणून उठले. दोघांनी एक ओळ केली. फुटलेले घड कापले, खाली पडलेला माल क्रेटमध्ये भरून बांधापलीकडच्या खड्ड्यात टाकला. तात्या गारपिटीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. चहा घेतला आणि "उद्या येतो" म्हणून गेले. आणि दुसऱ्या दिवशी खरंच आले.

चौथ्या की पाचव्या ओळीत अण्णा मधेच खाली बसले आणि रडायला लागले. मांडवाखाली, मातीत, मोठ्याने. तात्यांनी कात्री खिशात घातली आणि शेजारी बसले. 'रडू नको' म्हणाले नाहीत. पुरुष माणसाने असं करायचं नसतं, हेही म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, "कुणाकुणाचं देणं आहे?"

अण्णा बोलत गेले. सोसायटीचं पीककर्ज, औषधांच्या दुकानाची उधारी, मुलीच्या इंजिनिअरिंगची फी, आणि कुणालाच ठाऊक नसलेले हातउसने पैसे. तात्यांनी उपाय सुचवला नाही. ऐकून घेतलं, मधे एकदोनदा "मग?" म्हणाले. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक आले, तेव्हा ते अण्णांच्या बाजूला उभे राहिले. कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारायला जायचं ठरलं, तेव्हा "तू जाऊन ये" असं न म्हणता स्वतः एसटीत बसले. ऑफिसच्या बाकावर दोन तास बसावं लागलं. त्या दोन तासांत अण्णा एकटे नव्हते. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण अडचणीतल्या माणसाला आपण सल्ला देतो आणि तो अमलात आणायची जबाबदारीही त्याच्याच अंगावर टाकतो. खचलेल्या माणसाला फोन लावणं, अर्ज लिहिणं, रांगेत उभं राहणं हेच डोंगराएवढं झालेलं असतं.

घरात वहिनीही होत्या. आलेले सगळे अण्णांची चौकशी करत आणि वहिनी आतून चहा पाठवत. त्यांनाही आपलं काही गेलं आहे, हे तात्यांच्या घरच्या काकूंच्या लक्षात आलं. त्या संध्याकाळी भाकरी घेऊन येत, चुलीपाशी बसत आणि विचारत, "तू जेवलीस का?" आठवड्याने एकदा वहिनी म्हणाल्या, "काकू, मला ह्यांची भीती वाटते." काकूंनी ते ऐकलं आणि घरी जाऊन तात्यांच्या कानावर घातलं.

पंधरा दिवस झाले. सतरंजी उचलली गेली. नातेवाईक आपापल्या कामाला लागले, कारण त्यांचीही शेतं होती. यात कुणाचा दोष नाही. पण दुःखाचं गणित उलटं असतं. पहिल्या दिवशी माणूस सुन्न असतो, गर्दी कशी आली नि गेली हे त्याला नीट कळतही नाही. खरा हिशेब डोक्यात सुरू होतो तो अंगण रिकामं झाल्यावर.

त्याच सुमारास अण्णा एकदम शांत झाले. जेवायला लागले, थोडं हसलेही. वस्तीवर सगळ्यांना बरं वाटलं. तात्यांना मात्र वाटलं नाही. अण्णांनी मोठ्या मुलाला बसवून सगळे व्यवहार समजावून सांगितले होते, आणि बांधावर सहज बोलावं तसं म्हणाले होते, "तात्या, माझ्यामागं घरच्यांकडं लक्ष असू द्या."

तात्यांनी हातातलं काम थांबवलं आणि सरळ विचारलं, "अण्णा, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?"

असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती आपल्याला वाटते. ती खरी नाही. विचार असला तर तो आधीपासून असतो, आणि कुणी विचारलं की माणसाला बोलायला वाट मिळते. अण्णा खूप वेळ वेलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "येतं. रोज येतं."

तात्या रागावले नाहीत. पोरांची शपथ घातली नाही, पाप-पुण्य काढलं नाही. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. औषधांच्या खोलीची किल्ली मागून घेतली आणि आपल्या घरी नेऊन ठेवली; फवारणीला लागेल तेव्हा स्वतः उघडून देईन, असं वहिनींना सांगितलं. त्या रात्री ते अण्णांच्याच ओट्यावर झोपले. दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन नाशिकला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. आपण बरोबर बसू शकतो, पण औषध देणं आपलं काम नाही, एवढं त्यांना कळत होतं. गोळ्या सुरू झाल्या. दर महिन्याला तात्याच बरोबर जात.

एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली. गारांच्या जखमा झालेल्या काड्या निघाल्या, ओलांड्यांवर बोर्डो फवारला. छाटणीनंतरच्या उन्हाळ्यात फुटणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. बाहेरून काही दिसत नाही, पण त्या दिवसांत बाग सोडून दिली तर पुढचं सालही हातचं जातं. द्राक्षवाल्याला हे सांगावं लागत नाही. तात्या ते बोललेही नाहीत. ते फक्त सकाळी साडेसहाला येत राहिले, आणि मे महिन्यात एका सकाळी त्यांच्याआधी अण्णाच बागेत उभे होते.

पुढच्या वर्षी पीक बेताचं आलं. कर्ज अर्धंच फिटलं. मुलीचं कॉलेज सुटलं नाही. अण्णांच्या गोळ्या दीड वर्षाने डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. औषधांच्या खोलीची किल्ली त्यानंतरही बरेच दिवस तात्यांकडेच होती, अण्णांच्याच सांगण्यावरून.

तुमच्या ओळखीत कुणाची बाग गेली असेल, नोकरी गेली असेल, माणूस गेलं असेल, तर पहिल्या दिवशी जाऊन या. पण पंधराव्या दिवशी नक्की जा, आणि हातात करायला एखादं लहान काम घेऊन जा. मनात शंका आली तर सरळ विचारा. तो "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांपर्यंत सोबत जा. आता त्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवाही आहे. तिचा क्रमांक 14416. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.