रोजची गाडी

आलमबागेत वाढलेल्या माणसाला डिझेलच्या वासाचे अप्रूप नसते. एका अंगाला उत्तर रेल्वेचे डिझेल शेड, दुसऱ्या अंगाला डबे आणि वाघिणी दुरुस्त करणारा रेल्वेचा कारखाना, आणि कानपूर रस्त्याने विमानतळाकडे निघाले की ट्रान्सपोर्टनगरातल्या ट्रकांच्या रांगा. माझे वडील १९७१ साली पुण्याहून लखनौला आले ते मानकनगरच्या ‘आरडीएसओ’त, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेत, नोकरीला. निवृत्त होईपर्यंत त्यांनी इंजिनांचेच काम केले. आमच्या घरातला भात त्या धुरावर शिजला. त्यामुळे जुनी डिझेल गाडी घेण्यात काही गैर असू शकेल, ही शंका मला आली तेव्हा प्रथम कृतघ्नपणाच वाटला.

गाडीची गरज खरी होती. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आता मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना व्यायामोपचारासाठी चार किलोमीटरवर न्यावे लागते, सोबत चाकांची खुर्ची. शहरातल्या बहुतेक भाड्याच्या गाड्या सीएनजीवर चालतात आणि त्यांच्या डिकीत टाकी असते. खुर्ची दिसली की चालक मान हलवतो. त्याचेही चूक नाही, खुर्ची ठेवायची कुठे? स्वतःसाठी जुनी सीएनजी गाडी घेतली तरी अडचण तीच. नवी मोठी गाडी घ्यावी तर पेन्शनचा मोठा भाग बाबांना सांभाळणाऱ्या माणसांच्या पगारात जातो. लांब पाठीची, मागचे दार वर उघडणारी, खुर्ची घडी न करता आत सरकवता येईल अशी आणि लाखाच्या घरात मिळणारी गाडी हवी होती. शोधत शोधत मी स्टेशन वॅगनपाशी आले.

आपल्याकडे ही जात रुजली नाही. टाटांनी १९९२ साली ‘इस्टेट’ काढली आणि २००४ साली इंडिकाच्या घराण्यातली ‘इंडिगो मरिना’. गिऱ्हाइकाला मात्र स्वतंत्र डिकी हवी होती. लांब पाठीच्या गाडीला लोक रुग्णवाहिका म्हणून हसत. आमच्या बाबतीत ते हसणे खरेच ठरायचे होते. मला मिळाली ती २००८ची मरिना, डिझेल, लखनौचाच नंबर, पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली. पिंपरीच्या कंपनीची गाडी म्हटल्यावर बाबांचा चेहरा खुलला.

ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन गाडी बघायला गेले. त्यांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला आणि मालकाला म्हणाले, “गाड़ी तो पहले से गरम है. हम कल सुबह आएँगे.” जुने डिझेल इंजिन गार असताना चालू करून बघायचे असते. तापलेले इंजिन सगळे झाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला धुराचे रंग शिकवले. काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा म्हणजे गारठ्यात डिझेल नीट पेटलेले नाही. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढले आणि आतून दाबाने हवा येते का ते पाहिले. फार येत नव्हती. धूर सुरुवातीला पांढरा आणि जोर दिला की काळसर. सतरा वर्षांकडे झुकलेल्या आणि मधली काही वर्षे कुणी फारसे न पाहिलेल्या गाडीच्या मानाने ठीक, असा त्यांचा निकाल पडला. इंजेक्टर साफ करून घ्या, ग्लो प्लग बदला, आणखी पाच वर्षे बघायला नको.

त्या सकाळी बाबांना फोनवरून इंजिनाचा आवाज ऐकवला. ते म्हणाले, “घे तू.” मी मात्र त्या धुराकडे बघत राहिले होते.

कायद्याची अडचण नव्हती. पण कायद्याने मनाचे समाधानही होत नव्हते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मज्जाव केला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच आदेश पक्का केला. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारायला सुरुवात झाली, काही दिवसांतच ते थांबवावे लागले, आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने तूर्त मालकांवर कारवाई नको म्हणून सांगितले. पण मी गाडी बघत होते त्या दिवसांत गाझियाबादेत ही गाडी कधीच मेलेली होती आणि तिथून सुमारे ५०० किलोमीटरवर आमच्या गल्लीत जिवंत होती. गाझियाबाद आणि आलमबाग दोन्ही उत्तर प्रदेशातच. फुप्फुस तर माणसाचे सगळीकडे सारखेच. एखादी गोष्ट करायला परवानगी आहे एवढे कायदा सांगतो. ती मी करावी का, हे तो सांगत नाही.

मग मी स्वतःची बाजू मांडायला लागले. पहिला युक्तिवाद काटकसरीचा. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या बायकांची मी नात आहे. चालू असलेली वस्तू मोडीत काढून नवी घेणे हे पाप आहे, असेच आम्ही शिकलो. नवी गाडी बनवायलाही पोलाद वितळवावे लागते, तेव्हा जुनी चालवणे हीच निसर्गसेवा. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. गाडीतून दोन वेगळ्या गोष्टी बाहेर पडतात. एक कार्बन वायू, जो साऱ्या जगाच्या आभाळात मिसळतो. त्याचा हिशेब करताना जुनी गाडी कधीकधी नव्यापेक्षा बरी ठरू शकते. दुसरी काजळी, बारीक कणांची. ती गल्लीतच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. बीएस-३ मानकात किलोमीटरमागे ५० मिलिग्रॅम कण चालत. २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये साडेचार मिलिग्रॅम. अकरा पट फरक, आणि तोही गाडी नवी असतानाचा. गोधडीची ऊब घरातल्यांना मिळते आणि तिचा उपद्रव कुणाला होत नाही. गाडीचे तसे नाही.

दुसरा युक्तिवाद थेंबाचा. ट्रान्सपोर्टनगरातून दिवसभर ट्रक जात-येत असताना माझ्या एका गाडीने काय होणार? हा प्रश्न तत्त्वज्ञांनीही गंभीरपणे घेतला आहे. वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांनी २००५ साली एका निबंधात विचारले, की रविवारी निव्वळ मौजेसाठी भरमसाट पेट्रोल पिणारी गाडी फिरवणे हे नेमके कोणत्या तत्त्वाने चूक ठरते? एकेक तत्त्व तपासून त्यांना एकही पुरेसे वाटले नाही. सरकारांना कृती करायला लावणे हे मात्र आपले कर्तव्य आहे, असे ते म्हणतात. त्याआधी १९८४ साली डेरेक पारफिट यांनी उलट बाजूने एक भयंकर चित्र रंगवले होते. हजार छळ करणारे, हजार बळी. प्रत्येक जण बटण दाबतो आणि प्रत्येक बळीची वेदना जाणवणारही नाही इतकीच वाढवतो. हजार बटणे दाबून झाली की वेदना असह्य होते, पण ‘मी केले’ म्हणायला कुणीच नसते.

मला मात्र या वादात घरचीच एक गोष्ट आठवत राहिली. आई श्रावणातल्या सोमवारी खुलभर दुधाची कहाणी वाचायची. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. तो गावातले सगळे दूध मागवतो. पोरे उपाशी, वासरे उपाशी, तरी गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी येते. घरच्या मुलाबाळांना जेवू घालून, वासरांना पाजून उरलेले खुलपात्रभर दूध ती ओतते आणि गाभारा भरतो. लहानपणी या गोष्टीतला चमत्कार आवडायचा. आता मला त्यात दोन सरळ गोष्टी दिसतात. थोडे म्हणजे काहीच नव्हे, हे खोटे आहे. आणि ज्यांचा भार आपल्यावर आहे त्यांचे आधी बघणे हा स्वार्थ नाही, फक्त त्यांच्या नावावर जास्त घेऊ नये.

धुराचा गाभाराही खुलपात्रांनीच भरतो. आमची गल्ली जेमतेम बारा फूट रुंद आहे. समोरच्या घरात सात वर्षांची एक मुलगी आहे, तिला दमा आहे. जानेवारीत लखनौत धुके उतरते, गार हवा जमिनीला चिकटून बसते आणि सकाळी चालू केलेल्या इंजिनाचा धूर वर जायचे नावच घेत नाही. कार्बनचा बळी कोण हे मला कधी कळणार नाही. काजळीचा बळी कोण हे मला माहीत होते. तिच्या खोलीची खिडकी आमच्या फाटकासमोर उघडते.

म्हणून मी तिच्या आजीशी बोलायला गेले. भाभींनी चहा केला आणि माझे बोलणे पुरे व्हायच्या आत म्हणाल्या, “अरे, आप भी कैसी बात करती हैं! बाबूजी के लिए तो लेनी ही चाहिए.” मी हलक्या मनाने घरी आले, आणि संध्याकाळपर्यंत ते मन पुन्हा जड झाले. या शहरात दारात आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे हा उद्धटपणा समजतात. ज्यांना नकार देताच येणार नव्हता त्यांच्याकडून मी होकार घेऊन आले होते. आजारी बापाचे नाव पुढे करून विचारले होते, तेव्हा त्या दुसरे काय म्हणणार? आणि जिला श्वास घ्यायचा आहे तिला तर कुणी विचारलेच नव्हते. संमती मागून मी माझे ओझे त्यांच्या डोक्यावर ठेवून आले, एवढेच.

त्या रात्री हिशेब मांडला. माझे कॉलेज विद्यापीठाच्या बाजूला, घरापासून दहा किलोमीटर. मी विक्रेत्याला, मिस्त्रींना, भाभींना आणि स्वतःलाही ‘रोजच्या वापरासाठी’ असेच सांगत होते. रोज वीस किलोमीटर म्हणजे मानकाच्या हिशेबानेही दिवसाला एक ग्रॅम काजळी, वर्षाच्या कामाच्या दिवसांची मिळून पाव किलोच्या आसपास. बाबांच्या फेऱ्या मात्र आठवड्याला दोनच, आठ-आठ किलोमीटरच्या. त्या वर्षाला ४० ग्रॅमच्या आसपास. गरज ४० ग्रॅमची होती आणि मी तिच्या नावावर पाव किलो वेगळे मागत होते. आलमबाग स्टेशनवरून २०१९ पासून थेट विद्यापीठापर्यंत मेट्रो जाते, आणि मी तिनेच जात आले होते. तिच्यात मला कधी काही कमी वाटले नव्हते. पण दारात गाडी येणार म्हटल्याबरोबर माझ्या मनात मेट्रोचा पास बंद झाला होता. सोय नेहमी अशीच येते. गरज पुढे चालते, तिच्यासाठी दार उघडावे लागते, आणि मागून सोय आत शिरते. मग दोघींना वेगळे ओळखणे अवघड होते, कारण दोघी एकाच गाडीत बसलेल्या असतात.

गाडी घेतली. ग्लो प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, प्रदूषणाचे प्रमाणपत्र काढले. त्या तपासणीत धूर किती गडद आहे ते मोजतात, बारीक कण मोजत नाहीत, हे माहीत असूनही ते काचेवर लावले. गाडी फाटकासमोर ठेवायची नाही असे ठरवले. ती गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याच्या कडेला उभी असते. बाबांना खुर्चीत बसवून तिथपर्यंत ढकलत न्यावे लागते. पावसात त्रास होतो. बाबांनी कुरकुर केली नाही. म्हणाले, “गार इंजिन भिंतीशी चालू करायचंच नसतं.” त्यांचे तांत्रिक कारण आणि माझे कारण एकाच जागी येऊन थांबले.

गाडीत एक वही ठेवली आहे. प्रत्येक फेरीला तारीख, किलोमीटर आणि कारण लिहायचे. नोव्हेंबरात ९ फेऱ्या, सगळ्या बाबांच्या. डिसेंबरात ११. जानेवारीत १७, आणि त्यातल्या ८ माझ्या. त्यांच्यापुढे लिहिले आहे: उशीर, थंडी, उशीर, पेपरांचे गठ्ठे, थंडी, धुके, उशीर, आणि शेवटच्या नोंदीपुढे काहीच नाही. यातले एकही कारण खोटे नाही. पण म्हातारीच्या घरातली पोरे आणि वासरे यांत बसत नाहीत. वही नसती तर त्या आठ फेऱ्या मला आठवल्याही नसत्या. मी सांगितले असते, गाडी फक्त बाबांसाठी आहे, आणि ते मनापासून सांगितले असते.

नोंदणी २०२८ पर्यंत आहे. तेव्हा गाडी मोडीत द्यायची की पुन्हा पाच वर्षे मागायची, ते वही बघून ठरवावे असे वाटते. बाबांची तोवरची प्रकृतीही त्या वहीत दिसेलच.

फेब्रुवारीत एकदा दवाखान्याबाहेर थांबलो असताना बाबांनी ती वही मागून घेतली. डाव्या हाताने पाने उलटत त्यांनी जानेवारी बराच वेळ वाचला. मी काही बोलले नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, “ॲव्हरेज किती पडतंय?”

मी म्हटले, “माझ्या आठ फेऱ्या धरून, की सोडून?”