‘चालते आहे’ म्हणून चालवावी काय?

रायपूरहून दुर्गला जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड भिलाईतील सुपेल्यामधून जातो. मालमोटारी, शाळेच्या बसगाड्या, कामावर निघालेले सायकलस्वार आणि बाजाराला आलेली माणसे यांची तेथे सदैव दाटी असते. अशा ठिकाणी राहणारा एक मराठी गृहस्थ कल्पावा. संसार मध्यम, मोटार जुनी. मेकॅनिकने इंजिनावरील आवरण काढून दाखविले की टायमिंग बेल्ट झिजला आहे, त्याच्या दातांच्या बुडाशी भेगा पडल्या आहेत, तो बदलावा. महिनाअखेर होती. गृहस्थाने विचारले, “तोवर गाडी चालेल ना?” मेकॅनिक म्हणाला, “साहेब, चालते आहे तोवर चालेल.”

उत्तर खोटे नव्हते. परंतु त्याने गृहस्थाचा प्रश्न सुटला नाही, केवळ त्याच्या मनाला हवी असलेली सवड मिळाली.

हा पट्टा रबराचा व दातेरी असतो. इंजिनाचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेईल तेव्हा कॅमशाफ्टने एकच फेरा घ्यावा, हा मेळ तो राखतो. त्यामुळेच पिस्टन वर येतो त्या क्षणी व्हॉल्व्ह त्याच्या वाटेतून दूर झालेला असतो. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन मात्र गतीच्या भरात वरखाली होत राहतात, आणि पुष्कळ इंजिनांत ते उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळून त्यांना वाकवितात. इंजिन तत्क्षणी बंद पडते. ब्रेकला इंजिनाकडून मिळणारे साहाय्य एक-दोनदा पाय दाबताच संपते आणि पेडल कठीण होते. स्टिअरिंगही बहुधा जड होते. बेअरिंग झिजले तर ते खटखटून सांगते, पिस्टनची रिंग झिजली तर निळा धूर सांगतो. हा पट्टा मात्र बहुधा मुकाट्याने तुटतो. म्हणूनच उत्पादक त्याची मुदत किलोमीटरांत व वर्षांत आधीच ठरवून देतात. अनेक गाड्यांत ती ६०,००० ते १,००,००० किलोमीटरांच्या दरम्यान असते.

आपल्या भाषेत ‘झिजणे’ हा शब्द गौरवाचा आहे. चंदन झिजते, आई मुलांसाठी झिजते. त्यामुळे झिजूनही सेवा देणाऱ्या वस्तूकडे गृहस्थ काहीशा ममतेने पाहतो, आणि ती बदलणे त्याला उधळेपणा वाटतो. ह्या काटकसरीला हसू नये. तिच्यावरच कित्येक घरे उभी आहेत. पण चंदनाच्या झिजण्याने सहाणेपाशी बसलेल्याला इजा होत नाही. पट्ट्याची झीज पुढे कोणाच्या वाट्याला येईल, ते गाडीचा मालक ठरवू शकत नाही.

येथे एक पळवाट फार प्रतिष्ठित झालेली आहे. फळ आपल्या हाती नाही, आपण कर्म करावे, पुढचे भगवंत पाहील, असे म्हणून मनुष्य किल्ली फिरवितो आणि आपण गीतेप्रमाणे वागलो असे मानतो. वस्तुतः फळाची आसक्ती सोडणे वेगळे आणि परिणामाचा विचार सोडणे वेगळे. अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगताना चार गोष्टी मोजल्या आहेत: मागाहून येणारा परिणाम, होणारा क्षय, दुसऱ्यास होणारी हिंसा आणि आपले सामर्थ्य. ह्यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. क्षय हा शब्द तेथे स्पष्ट आहे. भेगाळलेला पट्टा डोळ्यांनी पाहिल्यावर ‘पुढचे देव पाहील’ म्हणणाऱ्याने फळाचा त्याग केलेला नसतो. त्याला फळ हवेच असते, सुखरूप पोहोचण्याचे आणि तेही खर्चावाचून.

सुपेल्यातील मनुष्याला ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीच्या आत उष्णता सोसणाऱ्या विटांचे अस्तर असते आणि ते वर्षानुवर्षे झिजत जाते. अस्तर फार झिजले की भट्टी थंड करून आतून नव्याने बांधावी लागते. ह्या कामासाठी भट्टी थांबवितात तेव्हा ती पुष्कळदा लोखंड देतच असते. उत्पादनाची मोठी हानी होते, तरी थांबवितात. ‘चालते आहे’ एवढे प्रमाण तेथे कोणी पुरेसे मानीत नाही, कारण अस्तर फुटले तर वितळलेले लोखंड समोर कोण उभा आहे हे विचारीत नाही. अशा कामावरून घरी परतणारा मनुष्य स्वतःच्या गाडीविषयी निराळा न्याय लावतो, ह्यात अज्ञान नाही. कारखान्यात तोटा दुसऱ्याचा असतो, येथे स्वतःच्या खिशाचा. एवढाच फरक आहे.

आता कठीण प्रसंग घ्यावा. रात्री निरोप येतो की नागपूरला आईची प्रकृती एकाएकी बिघडली आहे. अंतर अडीचशे किलोमीटरांहून अधिक. मातृसेवेपुढे पट्ट्याचा विचार काय करावा, असे कोणासही वाटेल. तथापि मातेकडे जाणे हे कर्तव्य आहे, त्याच गाडीने जाणे हे कर्तव्य नव्हे. दुर्ग हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक आहे. भाड्याची गाडी मिळते. शेजाऱ्याकडे हात पसरता येतो. आपले सामर्थ्य पाहावे ह्याचा अर्थ हाच. ह्यांपैकी काहीच शक्य नसेल तर एकट्याने, मुलांना मागे न बसविता, सावकाश व कडेने जावे, ह्याला दोष देणे कठीण आहे. मात्र एकटा निघाला तरी तो केवळ स्वतःचाच जीव पणाला लावतो असे नाही. हमरस्त्यावर मधोमध बंद पडलेल्या मोटारीवर मागून येणाऱ्या सायकलस्वाराची संमती कोणी घेतलेली नसते. आणि आईसाठी एका रात्री पत्करलेला धोका दुसऱ्या दिवशी भाजी आणण्यासाठीही तसाच पत्करला जाऊ लागला, की आईचे नाव ही सबब झाली.

याउलट, प्रत्येक आवाजाने घाबरून गाडी दाराशी उभी करून ठेवणाराही असतो. त्याने विवेक केला असे नव्हे. कष्टाच्या भीतीने केलेला त्याग गीतेने राजस ठरविला आहे. मुदत बाकी असलेला, तपासून निर्दोष ठरलेला पट्टा केवळ शंकेने बदलण्याचे कारण नाही.

काही जण तिसरी वाट काढतात: गाडी विकून टाकतात. पट्ट्याविषयी विचारले नाही म्हणून सांगितले नाही, असे समाधान त्यांना करून घेता येते. पण पट्टा तोच, रस्ता तोच. फक्त भेग पाहिलेला मनुष्य सुटला आणि न पाहिलेला अडकला. विकावयाचीच असेल तर बदलून विकावी, अथवा भेग दाखवून तेवढी किंमत कमी घ्यावी. पट्टा बदलल्यावर किती किलोमीटरांवर बदलला ते लिहून ठेवण्याची पद्धत कित्येक मेकॅनिक पाळतात. बॉनेटच्या आत एखादी चिठ्ठी चिकटविलेली आढळते. जुनी गाडी घेणाऱ्याने आधी ती चिठ्ठी पाहावी, आणि ती नसेल तर पट्टा कधीच बदललेला नाही असे धरूनच हिशेब करावा.