अभाव आणि बेभरवसा

एका निवृत्त आणि बहुश्रुत गृहस्थांनी परवा बोलता बोलता असे उद्गार काढले की, कोकणातल्या मुलांना इंटरनेट धड मिळत नाही हे त्यांचे भाग्यच समजले पाहिजे; त्यामुळे ती पुस्तकाकडे वळतील, आणि पूर्वीचे विद्वान तरी माधुकरी मागून व दुसऱ्याच्या ओसरीवर निजूनच विद्वान झाले ना? या उद्गारामागे कळकळ होती, म्हणूनच तो मनातून जाईना. मोबाइलने मुले बिघडतात की सुधारतात हा वाद वाचकांनी पुष्कळ ऐकला आहे. त्यात मला शिरायचे नाही. मला खटकते ते एवढेच, की या विचारात अभाव आणि बेभरवसा या दोन भिन्न गोष्टी एकाच मापाने मोजल्या गेल्या आहेत.

अभाव माणसाला योजना करू देतो. ज्याच्या घरी दिवा नाही तो दिवसाउजेडी वाचन उरकतो; ज्याला ग्रंथ परवडत नाही तो उतरून घेतो. परंतु जी वस्तू सकाळी असते आणि दुपारी नसते, जिच्या परतण्याची वेळ कोणीच सांगू शकत नाही, आणि तरीही जिच्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही, ती विद्यार्थ्याच्या वेळेबरोबर त्याचे चित्तही गहाण ठेवून घेते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावी व्याख्यान मध्येच तुटले, की मुलगा पुस्तक उघडीत नाही. रेंज आत्ता येईल, मग येईल, या आशेने तो फोन उंच धरून अंगणातून देवळापाशी आणि देवळापासून सड्यावर फिरत राहतो.

पुण्यात वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दैन्याची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. त्या व्यवस्थेचा कणा कोणता होता, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. सोमवारी कोणाकडे आणि मंगळवारी कोणाकडे पान मांडले जाईल हे ठरलेले असे. पानात काय पडेल आणि वाढणारीचा चेहरा कसा असेल हे ठाऊक नसले तरी घर ठाऊक असे. हा आधारही बहुतांशी एकाच जातीच्या मुलांना लाभला. इतरांसाठी तो मुद्दाम उभा करावा लागला; शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथे सुखसोयी नव्हत्या, कष्ट अपार होते, पण संध्याकाळी पंगत बसणार याविषयी शंका नव्हती. आमच्या गृहस्थांना त्या पिढीचे कष्ट तेवढे आठवतात. त्या कष्टांखालची ही निश्चिती त्यांच्या स्मरणातून निसटली आहे.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील शंभरांपैकी सुमारे पंधराच घरांत इंटरनेट होते. तो काळ अभावाचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडाकडे विजेचे खांब आडवे केले तेव्हा, तेथे काही नाही, हे निदान सर्वांना दिसले. आता घरोघरी फोन आहे, म्हणून ‘सोय उपलब्ध’ अशी नोंद दफ्तरी पडते. वीज गेल्यावर काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते, रस्त्याच्या खोदाईत केबल तुटते, याची नोंद कोठेच पडत नाही.

तेव्हा टॉवर वाढवा, असेच सांगायचे माझ्या मनात होते. २०११ साली मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट नावाने चाललेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्यासाठीच आहे. केरळच्या उच्च न्यायालयाने तर २०१९ साली इंटरनेटचा हक्क शिक्षणाच्या हक्कात अंतर्भूत मानला. हे सारे व्हावेच. परंतु प्रवेशाचा हंगाम जून-जुलैचा. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सबंध राज्यात ऑनलाइन झालेले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, आणि ओटीपी आल्यावाचून तो पुढे सरकत नाही. नेमक्या याच दिवसांत कोकणात वीज आणि संपर्क दोन्ही ढासळतात. पाऊस कोणाच्या फर्मानाने थांबत नाही. मुदत मात्र माणसांनीच घातलेली असते. जो जितका याचा विचार करील त्याला तितके स्पष्ट दिसेल की, मुलांना पांगळे करणारा बेभरवसा जाळ्यात आहे त्याहून अधिक, बाकीच्या साऱ्या वाटा बंद करून एकच वाट उघडी ठेवणाऱ्या कारभारात आहे.

पुस्तक बेभरवशाचे नसते, एवढे गृहस्थांचे म्हणणे मला मान्य आहे. पण पुस्तकाकडे वळायला वाडीवर पुस्तक असावे लागते, आणि पुस्तक वाचून प्रवेशअर्ज दाखल होत नाही. म्हणून शिक्षणखात्याकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत कागदी अर्जाची खिडकी पावसाळाभर उघडी ठेवावी, कारकुनाने शिक्का मारून पावती द्यावी, आणि त्या पावतीवरची तारीखच मुदतीसाठी ग्राह्य धरावी.