सोसणे आणि सांगणे

वेदना निमूटपणे सोसणे हा सद्गुण आहे काय? आपल्याकडे सोसणाऱ्याची, त्यातही सोसणाऱ्या बाईची, मोठी स्तुती होते. ही स्तुती कितपत योग्य आहे, हे क्रोन्सच्या आजाराच्या निमित्ताने तपासून पाहू.

न्यूयॉर्कचे डॉ. बरिल क्रोन व त्यांचे दोन सहकारी यांनी १९३२ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. आतड्याला सूज येते, व्रण पडतात. पोटात कळा, वारंवार जुलाब, घटते वजन आणि न संपणारा थकवा रोग्याच्या वाट्याला येतो. हा आजार समूळ घालविणारे औषध अजून नाही. तो आटोक्यात मात्र ठेवता येतो.

परंतु औषधही फुकट सुख देत नाही. प्रेडनिसोलोनने सूज लवकर उतरते; पण चेहरा गोल होतो, झोप उडते, मन चिडचिडे होते, दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. अझाथायोप्रिनचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि त्याने रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात. इन्फ्लिक्सिमॅबमुळे शरीरात दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. म्हणून तर रक्ताची आणि क्षयाची तपासणी टाळता येत नाही.

अशा वेळी रोगी दोन वाटांनी जातो. एक तर तो मुकाट्याने सोसतो, नाही तर मुकाट्याने गोळ्या सोडतो. दुसरी वाट अधिक घातक आहे. बरेच दिवस घेतलेले प्रेडनिसोलोन एकाएकी बंद केले तर शरीर स्वतःचे आवश्यक द्रव्य पुरेसे तयार करू शकत नाही आणि जिवावर बेतते. दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळीने आतड्याचा दाह उलट भडकू शकतो. दोन्ही वाटांवर एकच उणीव आहे : रोगी बोलत नाही.

तो का बोलत नाही? शौचाच्या गोष्टीची लाज वाटते, हे एक. दुसरे, “मागच्या जन्मीचे पाप” हे शब्द त्याच्या कानावर पडत असतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर जून १९५६ मध्ये याच आजारासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यांचे पद पूर्वपुण्याचे आणि आतडे पूर्वपापाचे, असा हिशेब मांडायचा काय? सीवक परिव्राजकाने विचारले तेव्हा तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी कारणे सांगितली आणि सर्वच वेदना पूर्वकर्माने होतात हे मत चुकीचे ठरविले.

विनयपिटकाच्या महावग्गात पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची हकीकत आहे. त्याच्याजवळ कोणी फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजविले. त्याच प्रसंगी चांगल्या रोग्याचे पाच गुण सांगितले आहेत : पथ्य पाळणे, त्यातही प्रमाण जाणणे, औषध घेणे, शुश्रूषा करणाऱ्याला आजार जसा आहे तसा सांगणे आणि शरीराच्या वेदना सहन करणे. सहनशीलता आहे, पण ती पाचवी आहे. औषध आणि सत्यकथन तिच्या आधी येतात. उपाय करूनही जे उरते, ते सोसायचे. सांगण्याआधीच सोसणे म्हणजे सहनशीलता नव्हे. ते स्वतःशी केलेले असत्य आहे.

आणि रोग्याने सांगायचे, तर ऐकणाऱ्याने विश्वास ठेवायला हवा. वेदना किती आहे हे रोग्यालाच कळते. रक्ताचा अहवाल काय सांगतो हे डॉक्टरांना कळते. दोघांचे ज्ञान एकत्र आल्याशिवाय कोणती गोळी ठेवावी, कोणती कमी करावी, हे ठरत नाही. “मनाचे खेळ आहेत” म्हणणारा नातेवाईक रोग्याचे तोंड बंद करतो. आम्हा शिक्षकांनीही लक्षात ठेवावे : असा विद्यार्थी तासात चार वेळा बाहेर जाऊ लागला, तर त्याला वर्गासमोर कारण विचारू नये. त्याला जाऊ द्यावे, आणि शाळेतला संडास स्वच्छ आहे ना, त्यात पाणी आहे ना, हे आपण पाहावे.