टिकून राहिलेला तुकडा

१९७३च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनला फ्रँक ग्रॅहम मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातील पेशींत ॲडेनोव्हायरस-५ या विषाणूच्या डीएनएचे तुकडे सोडत होते. कॅल्शियम फॉस्फेटच्या कणांना चिकटलेला डीएनए पेशींवर बारीक रेतीसारखा बसतो आणि पेशी ते कण आत ओढून घेतात. ग्रॅहम यांच्या २९३व्या प्रयोगातून जो पेशीवंश उभा राहिला, तो २९३ या नावाने आजही जगभर वाढवला जातो.

या पेशींच्या १९व्या गुणसूत्रात विषाणूचा सुमारे ४,३०० अक्षरांचा तुकडा रुतलेला आहे. भोवतीचे सगळे मात्र हलत राहिले. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे. इथे ती चौसष्टच्या आसपास, तीही सगळ्या पेशींत सारखी नाहीत. मग हाच तुकडा कसा टिकला? बाहेरून घातलेले जनुक सहसा असे टिकत नाही. काही आठवड्यांत त्यावर मिथाइल गट चढतात आणि ते मुके होते. म्हणून संवर्धनाच्या द्रवात जी४१८सारखे औषध घालून, ज्यांच्यात जनुक चालू आहे त्याच पेशी जगतील, अशी तजवीज करावी लागते.

२९३ला असा पहारा लागत नाही. विषाणूची ई१ए आणि ई१बी ही जनुके आरबी आणि पी५३ या पेशीच्या राखणदार प्रथिनांना निकामी करतात, आणि त्यामुळेच विभाजन थांबत नाही. ती जनुके गमावलेली पेशी मागे पडते. पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड लस याच आधारावर उभी होती: तिच्या विषाणूतून ई१ जनुके काढून टाकलेली, ती पुरवणार २९३च्या वंशातल्या पेशी.

स्थैर्य हा जनुकाचा अंगभूत गुण मानण्याची आपली सवय मला म्हणूनच अपुरी वाटते. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कर्करुग्ण महिलेच्या गाठीतून, त्यांना न विचारता, घेतलेल्या हेला पेशींत पॅपिलोमा विषाणू-१८ची ई६ आणि ई७ ही त्याच राखणदारांना दाबणारी जनुके आहेत. या दोन जनुकांना आवरणारे ई२ जनुक विषाणू गुणसूत्रात शिरतानाच तुटले होते. पुढे जवळपास अर्धशतकानंतर संशोधकांनी ई२ परत आत सोडले. ई६-ई७ थांबली, इतकी वर्षे दबलेली आरबी आणि पी५३ पुन्हा कामाला लागली आणि पेशींनी विभाजन सोडले. म्हणजे विषाणूने राखणदारांना कायमचे नष्ट केले नव्हते. पिढ्यान्पिढ्या, प्रत्येक विभाजनात, तो त्यांना फक्त दाबून धरत होता.