मुदतीची मैत्री

शाळेच्या प्रवेशअर्जात एक रकाना असतो. आई-वडील भेटले नाहीत तर कोणाला कळवायचे? नाव, नाते, फोन नंबर. आखाती देशातल्या शाळेत मुलांना घालायला गेलेल्या आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांचे पेन या रकान्यापाशी थांबलेले असते. गावी हा प्रश्न कोणी विचारला तर हसू येईल. चिपळुणात पोर रस्त्यात पडले तर घरी खबर पोहोचण्याआधी पोर पोहोचते. कोणीतरी मामू, कोणीतरी चाची त्याला उचलून आणते. 2005 साली पाच वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा घेऊन आम्ही दोघे शारजाला राहायला गेलो, तेव्हा त्या रकान्यात लिहिण्याजोगे एकच नाव आमच्यापाशी होते. ऑफिसातला सहकारी. तोही दुबईत, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत तास-दीड तास दूर.

लहान मुले घेऊन परदेशी गेलेल्यांची मैत्री अशी गरजेतून सुरू होते, हे आधी कबूल केलेले बरे. मुलाला रात्री ताप चढला तर धाकट्यापाशी कोण बसणार, शाळेची बस चुकली तर कोणाची गाडी, रमजानात मोठीला अरबीचा गृहपाठ कोण समजावणार? आमच्यापैकी एकाला निदान ऑफिस होते. दुसरीच्या वाट्याला चौदावा मजला आणि बंद खिडकीतून दिसणारे दुसऱ्या इमारतीचे चौदा मजले. अशा वेळी लिफ्टमध्ये लेकरू घेऊन उभी असलेली कोणतीही बाई मैत्रीण वाटू लागते. मग मनात खटका येतो, की हिच्याशी आपण बोलतो आहोत ते हिच्यासाठी, की हिच्या मुलाच्या वयासाठी?

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगाची, आनंदाची आणि एकमेकांच्या चांगुलपणाची. उपयोगाची मैत्री तो खालच्या पायरीवर ठेवतो, कारण उपयोग संपला की ती संपते. पण त्यानेच त्याच्या काळची एक म्हणही नोंदवली आहे, की एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडेही मिठाला जागणे म्हणतातच. आमचा प्रश्न एवढाच, की गरज नसती तर हे मीठ एका ताटात आले असते का? अथेन्समधल्या ज्या नागरिकांसमोर ॲरिस्टॉटल बोलत होता त्यांना घर होते, गुलाम होते, सवड होती. तो स्वतः मात्र मॅसिडोनियाच्या बाजूचा, अथेन्समध्ये परकाच. त्याची मुले कोणाबरोबर खेळत असतील हे त्याने लिहिले असते तर बरे झाले असते.

आपल्याला या बाबतीत जवळचा दाखला मदिनेचा आहे. इसवी सन 622 मध्ये मक्केहून आलेले मुहाजिर आणि मदिनेचे अन्सार यांच्यात पैगंबरांनी जोड्या लावून भाईचारा जोडून दिला. म्हणजे ही मैत्री आवडीतून उगवलेली नव्हती. ती नेमून दिलेली होती आणि उघड उघड गरजेपोटी होती. अब्दुर्रहमान बिन औफ यांची जोडी साद बिन रबीअ यांच्याशी लागली. साद यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. दोन बायकांपैकी एकीला तलाक देतो, तिच्याशी तुम्ही निकाह करा, असेही म्हटले. (या वाक्यापाशी आजचा वाचक अडखळतो आणि त्याने अडखळावेच, त्या बाईला कोणी विचारले होते का, हे हदीसमध्ये येत नाही.) अब्दुर्रहमान यांनी दुआ दिली, सगळे नाकारले आणि बाजार कुठे आहे तेवढे दाखवा म्हणाले. मग पनीर आणि तूप विकून ते आपल्या पायांवर उभे राहिले.

वाझात हा किस्सा अब्दुर्रहमान यांच्या स्वाभिमानासाठी सांगितला जातो. आम्हाला तो परदेशात राहिल्यावर वेगळा दिसू लागला. त्यांनी सगळेच नाकारले नाही. वाट विचारली. नव्या गावात बाजार कुठे आहे हे विचारणे ही काही लहान गोष्ट नाही. आपण येथे परके आहोत हे त्यात कबूल करावे लागते. देणाऱ्याने हात आखडला नाही आणि घेणाऱ्याने लागेल तेवढेच घेतले, म्हणून त्यांच्यातली गरज लाचारी झाली नाही. शारजात आमची पहिली खरी मैत्री झाली ती शेजारच्या केरळी कुटुंबाशी, आणि तीही मुलांचा डॉक्टर कोणता एवढ्या प्रश्नावरून. त्या बाईने डॉक्टरचे नाव सांगून दार लावले नाही. पायात चप्पल सरकवली आणि आमच्याबरोबर खाली आली.

ती ख्रिस्ती होती. हे सांगण्याचे कारण असे, की ‘आपली माणसे’ शोधण्यात प्रत्येक नव्या कुटुंबाचे पहिले वर्ष जाते. आम्हा मराठी बोलणाऱ्या मुसलमानांपुढे तर दोन दारे असतात. मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला गेलो की कोणीतरी कौतुकाने म्हणायचे, ‘‘अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता!’’ जणू आम्ही ती शिकवणी लावून शिकलो होतो. उर्दूवाल्यांच्या दावतीत गेलो की विचारणा व्हायची, ‘‘घर में मराठी? उर्दू क्यों नहीं?’’ दोन्हीकडे जिव्हाळा होता, दोन्हीकडे जेवण उत्तम होते आणि दोन्हीकडे आम्ही पाहुणेच होतो. कोकणी जमातीच्या लोकांत गेलो की मात्र सांदणाच्या वासाने जीव खाली पडायचा. त्याबद्दल आम्ही कोणाला बोल लावणार नाही. बोटींवर खलाशी म्हणून गेलेल्या आपल्या जुन्या माणसांनी परमुलखात एकमेकांना धरून राहण्यानेच तग धरला. पण केवळ आपल्याच माणसांत राहायचे तर शारजाला येऊन आम्ही चौदाव्या मजल्यावर खेडच वसवले असते, आणि तेही नदीशिवाय.

मुलांना हा प्रश्नच पडला नाही. उन्हाळ्यात तिथे खाली उतरण्याची सोय नाही, ऊन अंगावर येते. तेव्हा लिफ्टपासून जिन्याच्या दारापर्यंतची पॅसेज हेच मैदान. तिथली भाषा हिंदी, तिच्यात मल्याळम आकडे, आणि भांडणात ‘यल्ला’ आणि ‘खलास’. सूरह हुजुरातच्या तेराव्या आयतीत निरनिराळ्या जमाती असण्यामागचा हेतू एकमेकांची ओळख हा सांगितला आहे. आम्ही मोठी माणसे ती आयत भाषणात वापरतो. पॅसेजमध्ये ती रोज संध्याकाळी पाच ते मगरिबपर्यंत चालू असे, धक्काबुक्कीसकट.

आता खरा अवघड मुद्दा. त्या देशात दहातली जवळजवळ नऊ माणसे बाहेरची आहेत आणि बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की आमच्या वेळी साधारण तीस दिवसांत गाशा गुंडाळावा लागे. 2022 च्या सुधारणांनंतर ही मुदत वाढली, आणि 2019 पासून काही मोजक्यांना दहा वर्षांचा व्हिसाही मिळू लागला. तरी सर्वसाधारण माणूस मुदतीवरच राहतो. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत गावी जाऊन यावे तर समोरच्या दाराबाहेरच्या चपला नाहीशा झालेल्या असतात. 2008-09 च्या मंदीत तर आमच्या मजल्यावरची तीन घरे एका वर्षात रिकामी झाली. त्यात ते केरळी कुटुंबही होते. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. पुढचे काही आठवडे ती पॅसेजमध्ये गेलीच नाही.

यावर जुन्या रहिवाशांचा एक तोडगा असे. अठरा वर्षे तिथे काढलेल्या एका शेजाऱ्यांनी आम्हाला तो समजावून सांगितला होता. नव्या कुटुंबाला आधी विचारायचे, ‘‘कितने साल का इरादा है?’’ दोन-तीन वर्षे म्हणाले तर सलाम-दुआ ठेवायची, मुलांना फार गुंतू द्यायचे नाही. ‘‘बच्चों को बार बार क्यों रुलाना?’’ हे गृहस्थ कठोर नव्हते. त्यांच्या थोरल्याने एकामागून एक चार जिवलग मित्र विमानतळावर सोडले होते आणि नंतर त्याने मित्र करणेच बंद केले होते. मुलांच्या दुःखाचा हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. आई-बापाच्या पगारासाठी मुलांना वारंवार उखडले जाते, त्याची किंमत मुलेच देतात, आणि ती द्यायची का हे त्यांना कोणी विचारलेले नसते.

तरीही आम्हाला तो तोडगा पटला नाही, आजही पटत नाही. मुदत विचारून मन द्यायचे तर ती मैत्री नव्हे, भाडेकरार झाला. शिवाय मुदत कोणाला ठाऊक असते? साद बिन रबीअ उहुदच्या लढाईत शहीद झाले ते 625 मध्ये. म्हणजे तो भाईचारा जेमतेम तीन वर्षांचा. अर्धी मालमत्ता देऊ करताना साद यांनी वर्षे मोजली नव्हती. मुलांच्या बाबतीत आम्ही एवढेच ठरवले, की निरोप चोरून होऊ द्यायचा नाही. जाणाऱ्याच्या घरी खोकी भरायला मुलांना घेऊन जायचे, पत्ता त्यांच्याच हाताने लिहून घ्यायचा. रडली तर रडू द्यायचे.

हे शहाणपण आम्हाला मिळाले ते रिकाम्या झालेल्या एका घरात आलेल्या फलस्तीनी कुटुंबाकडून. मूळचे गाझाचे. हातात निर्वासितांना मिळतो तो इजिप्तचा प्रवासी दाखला. तो घेऊन इजिप्तमध्ये शिरायलासुद्धा व्हिसा लागतो. सुट्टीत सगळी इमारत गावी जायची, हे कुटुंब राहायचे. तुमचा किती वर्षांचा इरादा, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तरच नव्हते. आणि आम्ही पाहिलेल्या सगळ्या शेजाऱ्यांत मैत्री करायला तेच सर्वांत मोकळे होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ताट आले, तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आमच्या मुलीच्या खोलीत होती. आम्हाला तेव्हा उमगले, की ज्याला परत जायला गाव आहे त्याला मैत्री पुढे ढकलता येते. आमची खरी माणसे तिकडे आहेत, इकडचे दिवस काय, पैसे जमवण्यापुरते, असे आपण म्हणत राहतो, आणि वीस वर्षे निघून जातात.

एक गोष्ट राहून जाते ती नातूरची. आखातात इमारतीच्या रखवालदाराला नातूर म्हणतात. आमचा नातूर बांगलादेशी होता. मजल्या-मजल्यावरच्या सगळ्या मुलांची नावे त्याला पाठ. त्याची स्वतःची तीन मुले तिकडे गावी, कारण ठरावीक पगाराखाली कुटुंब आणता येत नाही. दोन वर्षांतून एकदा तो त्यांना पाहायचा. मुले घेऊन परदेशी राहणे, मुलांमुळे मैत्री जुळणे, या सगळ्या आमच्या चर्चेत मुळात एक चैन आहे ती इथे दिसते. 1111 साली वारलेल्या इमाम गझालींनी सोबतीचे हक्क सांगताना तीन पायऱ्या केल्या आहेत: आपल्यापाशी उरलेले द्यावे, ही सर्वांत खालची, बरोबरीने वाटून घ्यावे, ही मधली, आणि आपल्याआधी त्याला, ही वरची. इमारतीतून नातूरकडे इफ्तारीच्या थाळ्या भरपूर जात. थाळी ही पहिली पायरी. त्याच्या खाटेवर टेकून त्याच्या मुलांचे फोटो पाहणारी होती ती फक्त मुले. मोठ्यांपैकी कोणी त्याला आपल्या टेबलाशी बोलावले तर तो बसला असता का, की त्याला ते संकट वाटले असते? यावर आम्हा दोघांचे अजून एकमत नाही. एकाचे म्हणणे, पगाराच्या दरीवर मैत्रीचा पूल टाकता येत नाही, टाकला तर तो देणाऱ्याच्या समाधानासाठी असतो. दुसरीचे म्हणणे, साद आणि अब्दुर्रहमान यांच्यातही त्या दिवशी दरी होतीच.

सीरतकार सांगतात, की त्या भाईचाऱ्यात सुरुवातीला वारसाहक्कही होता. मुहाजिर अन्सारचा वारस ठरत असे. मुहाजिर स्थिरावल्यावर वारसा पुन्हा रक्ताच्या नात्याकडे गेला. व्यवस्था संपली, भाईचारा तेवढा ठेवला गेला. 2013 मध्ये आम्ही कायमचे परतलो तेव्हा आमच्याही सगळ्या व्यवस्था संपल्या. शाळेच्या अर्जात आमच्या मुलांपुढे त्या फलस्तीनी बाईचे नाव होते, ते गेले. ईदेची ताटे गेली. मुली फोनवर बोलत राहिल्या, आधी रोज, मग महिन्याला, मग वाढदिवसाला, जसे होते तसे.

ऑक्टोबर 2023 मध्ये गाझावर बॉम्ब पडू लागले तेव्हा आमची मुलगी तेवीस वर्षांची होती. मैत्रिणीच्या आईच्या दोन बहिणी तिथे. काय लिहू, असे तिने आम्हाला विचारले. आम्ही सुचवलेली दोन्ही वाक्ये तिने खोडली. जी मावशी कोणी येणाऱ्याच्या हाती खजुराची बिस्किटे पाठवायची, ती कुठे आहे, एवढेच तिने लिहिले. उत्तर नवव्या दिवशी आले. मावशीचे घर उरले नव्हते, ती दीर अल्-बलहला तंबूत होती, दुसऱ्या बहिणीचा पत्ता नव्हता. त्याखाली आणखी एक ओळ होती: तुझ्या दादीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले का?