उघडे कुलूप

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आमच्या जवाहरनगरला आला, तो चकलीच्या ताटाशेजारी संगणक उघडूनच बसला. कचेरीचे काम इथून कसे चालते, असे विचारता म्हणाला, "मामा, मध्ये एक बोगदा असतो. व्हीपीएन म्हणतात. वाटेतल्या कुणाला आतले दिसत नाही." वर हेही सांगितले, की त्याच्या बोगद्याची, ओपनव्हीपीएनची, सगळी घडण जगात कुणालाही वाचायला मोकळी आहे.

आमची वसाहत ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आधाराने वाढलेली. फाटकाआतले बाहेर बोलायचे नाही, हे इथले पोर पाळण्यातच शिकते. तेव्हा पोट उघडे टाकलेल्या कुलपावर भिस्त ठेवणे मला शुद्ध वेडेपणा वाटला.

वाद मात्र जुना आहे. १८५१ साली, लंडनचे महाप्रदर्शन भरले असता, हॉब्स नावाच्या अमेरिकनाने तिथली नामांकित कुलपे उघडून दाखवली. त्यांतले ब्रामाचे कुलूप साठ वर्षे दुकानाच्या खिडकीत आव्हान देत बसले होते! चोरांना धडे कशाला, म्हणून लोक चिडले. हॉब्सच्या बाजूचे उत्तर असे, की चोरांना ते आधीच ठाऊक असते. गाफील असतो तो घरधनी. पुढे १८८३ साली केर्कहॉफ्सने लिहिले, की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. हा गृहस्थ भाषेचा शिक्षक होता, हे कळल्यावर मला उगाचच बरे वाटले.

"मग चूक राहतच नसेल?" मी विचारले. भाचा हसला. ओपनव्हीपीएन ज्या ओपनएसएसएलवर उभे असते, त्यात २०१२ च्या मार्चपासून एक चूक उघड्यावर पडून होती. समजा, मुलाने मला एक वही दिली आणि "माझ्या दहा वह्या परत द्या" म्हटले. मी न मोजता गठ्ठ्यातल्या दुसऱ्यांच्या नऊ वह्या त्याच्या हाती दिल्या. यंत्र नेमके असेच करी. एका खेपेला चौसष्ट किलोबाइटपर्यंत परक्या गोष्टी बाहेर जात, त्यांत गुप्त किल्लीही जाऊ शके. ७ एप्रिल २०१४ रोजी ही चूक जाहीर झाली, ती दुरुस्तीसकट. तोवर शोधणाऱ्यांनी जगापुढे तोंड उघडले नव्हते.

"दोन वर्षे कुणीच कसे पाहिले नाही?"

"पाहता येणे आणि पाहणे वेगळे, मामा. वापरणारे लाखो, राखणारे मूठभर. त्यांना वर्षाकाठी देणग्या मिळत त्या दोनेक हजार डॉलरच्या."

इथे मी गप्प झालो. पूर्वी मी एका शाळेत होतो. तिथले प्रश्नपत्रिकांचे कपाट दार जरा वर उचलले की किल्लीवाचून उघडे. मला ते ठाऊक होते. सगळ्यांपुढे बोंब मारणे नकोच होते. पण मुख्याध्यापकांच्या कानी घालायला काय हरकत होती? "तुम्हाला कसे कळले?" हा प्रश्न येईल, एवढीच भीती. पुढे पेपर फुटला. संशय शिपाईबुवांवर आला, कारण किल्ली त्यांच्या कमरेला असे. मी तेव्हाही बोललो नाही. कपाट दुरुस्त झाले, पण त्यांच्या नावावरचा डाग तसाच राहिला.

भाच्याला हे सांगितले. त्याने संगणक मिटला आणि विचारले, "ते आहेत अजून?"

आहेत. तुमसरजवळ मुलाकडे असतात. भाऊबीज आटोपली की बसने दीड तासाची वाट आहे.